स्पितीच्या आधी थार तयार करून घेतली ते अंबडचं गॅरेज: माझा अनुभव, खर्चासकट

बरेच जण विचारत होते की ट्रिपआधी गाडी कुठे दाखवली म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. गॅरेज नाशिकला अंबड एमआयडीसीत आहे, पत्र्याची शेड, एक खड्डा, एक लिफ्ट, दोन पोरं हाताखाली आणि स्वतः मामा, म्हणजे गॅरेजचे मालक. नाव टाकत नाहीये कारण मामांनीच नको म्हटलं, आहे तेच काम उरकत नाही म्हणाले. खरंच गरज असेल त्याने अंबडला चहाच्या टपरीवर "जीपवाले मामा" एवढं विचारलं तरी कोणीही दाखवेल.

गाडी माझी २०२१ ची थार, डिझेल, मॅन्युअल, हार्डटॉप, ४१ हजार किलोमीटर झालेली. गणपती विसर्जन झाल्यावर पाच गाड्या घेऊन आम्ही हिमाचलमधल्या स्पितीला गेलो, शिमल्याकडून किन्नौरमार्गे वर आणि काझा, लोसर, कुंझुम खिंड, बातल करत खाली मनालीला, जाऊन येऊन सतरा दिवस. दोन थार, एक जिप्सी, एक स्कॉर्पिओ एन, एक इसुझूची व्ही-क्रॉस, माणसं तेरा. घरच्या मोठ्यांना पितृपक्षात निघणं पटत नव्हतं पण सगळ्यांच्या सुट्ट्या तेव्हाच जुळत होत्या आणि आणखी उशीर केला तर कुंझुमला बर्फ कधी पडेल सांगता येत नाही.

मामांकडे जायच्या आधी मी एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेले होते. स्पिती म्हटल्याबरोबर त्याने गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट किट, मड टेरेन टायर, स्नॉर्केल, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच आणि वर लाइटबार असं सगळं लिहून १ लाख ८५ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. गाडीखाली वाकून एकदाही पाहिलं नाही, गाडी बाहेर उभी होती आणि हा आत बसून कॅटलॉग दाखवत होता. मी तेव्हा जवळजवळ हो म्हणणार होते कारण पहिल्यांदाच एवढ्या लांब चालले होते आणि भीती वाटत होती, आणि भीती वाटत असली की माणूस काहीही विकत घेतो. आमच्यातला जिप्सीवाला म्हणाला एकदा मामांना दाखव आणि मग ठरव.

मामांनी कोटेशनचा कागद घेतला, वाचला, घडी घालून मला परत दिला आणि विचारलं, "ताई, ही गाडी शेवटची पाण्यात कधी घातली होती?"

जुलैत इगतपुरीकडे भावलीच्या बाजूला गेलो होतो, तिथे एक ओढा ओलांडला होता, पाणी हबच्या थोडं वर. मी सांगितल्यावर त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, मागच्या डिफ्रन्शलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, सगळे त्याला डिफ म्हणतात) वरचा प्लग उघडला, करंगळी आत घातली आणि बाहेर काढून माझ्यापुढे धरली. ऑइल जुनं असलं तर काळपट असतं, चांगलं असलं तर मधासारखं. त्यांच्या बोटावर होतं ते दुधाच्या चहासारखं. पाणी शिरलं होतं. दोन महिने मी तशीच गाडी चालवत होते, मुंबईच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या.

कसं शिरलं तेही त्यांनी दाखवलं. चालून चालून डिफ गरम होतं, ते एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून जे मिळेल ते ओढून घेते, म्हणून त्या हाऊसिंगला एक बारीक ब्रीदरची नळी असते आणि तिचं टोक वर नेऊन ठेवलेलं असतं. माझी नळी क्लिपमधून सुटून खाली लोंबत होती, म्हणजे पाण्यात डिफने हवेऐवजी सरळ ओढ्याचं पाणी प्यायलं. पन्नास पैशाच्या क्लिपचा प्रश्न. असं ऑइल घेऊन काझापर्यंत गेले असते तर आतली बेअरिंगं आणि गिअर कधीतरी आवाज करायला लागले असते आणि तिथे मागचं डिफ उघडून बसणार कोण. ऑगस्टमध्येच मी एका सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसिंग करून आणली होती, चेकलिस्टवर सगळीकडे बरोबरची खूण होती, त्या कागदावर "अंडरबॉडी तपासणी" असंही होतं. मला खूप राग आला तेव्हा, अजूनही येतो.

पुढचे दोन तास मामा गाडीखाली आणि मी त्यांच्याबरोबर टॉर्च धरून. इथे मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट सांगते, ते गिऱ्हाइकाला बाहेर खुर्चीवर बसवत नाहीत, बरोबर घेतात आणि हात लावायला सांगतात. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गाडीखालून डिफकडे जाणारा लांब दांडा, हाताने पिळून बघा, त्याच्या सांध्यात, क्रॉसमध्ये, टक् असा आवाज येतो का. चाक वरखाली धरून हलवा, मग डावंउजवं हलवा. सीव्ही जॉइंटचं, म्हणजे चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या सांध्याचं, रबराचं बूट बोटाने घडी उघडून बघा, चीर घडीच्या आत असते, वरून दिसत नाही. पुढच्या उजव्या बाजूच्या लोअर आर्मखाली (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) टॉमी, म्हणजे पहार, घालून उचललं तर बॉल जॉइंट चक्क हलला, अगदी थोडा, पण हातात समजलं. दोन्ही बाजूचे बदलले. डिफची दोन्ही ऑइलं, ट्रान्सफर केसचं (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा डबा) ऑइल बदललं, मागच्या डिफमध्ये नवीन ऑइल घालून गाडी चार किलोमीटर फिरवून परत काढलं आणि पुन्हा नवीन घातलं कारण एकदा काढून आतलं पाणी सगळं जात नाही. ब्रीदरची नळी लांब करून वर बॉडीला बांधली.

खालचं काम झाल्यावर प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्क पान्याने आवळून त्याच्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून एक पिवळी रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ट्रिपमध्ये रोज सकाळी चहा होईपर्यंत मी टॉर्च घेऊन खाली बघायचे, पाच मिनिटं लागायची. नाकोच्या पुढे एकदा मागच्या शॉकअपच्या खालच्या बोल्टची रेघ सरकलेली सापडली आणि तिथेच आवळला. त्या पिवळ्या रंगाच्या पेनची किंमत शंभर रुपये असेल, सगळ्या ट्रिपच्या तयारीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू ती.

ब्रेक ऑइलचं मला काहीच माहीत नव्हतं. ते हवेतलं पाणी शोषत राहतं, आणि पाणी शोषलं की लवकर उकळतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं असेल तर हा आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. आपल्या कसारा घाटात पाच-दहा मिनिटं ब्रेक दाबून उतरलं तर चालून जातं, पण तिकडे तासन् तास उतार असतात, ब्रेक तापले आणि ऑइलला वाफ धरली की पेडल सरळ खाली जातं. माझं तीन वर्षांचं होतं, सगळं काढून नवीन भरलं. शिवाय त्यांनी म्हाळसाकोऱ्याकडच्या एका माळावर नेऊन मला ४एल मध्ये (चारही चाकांना ताकद आणि सगळ्यात हळू चाल, त्याचा वेगळा लिव्हर असतो) पहिल्या गिअरवर ब्रेकला पाय न लावता उतार उतरायला लावला, चार वेळा. गाडी आपोआप मुंगीसारखी उतरते. तीन वर्षं गाडी माझ्याकडे होती आणि मी तो लिव्हर गाळात अडकल्याशिवाय कधी वापरला नव्हता.

कूलंट पाहिलं, कोणीतरी कधीतरी नुसतं पाणी टॉपअप केलेलं निघालं, ते काढून अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी असं भरलं. या प्रमाणाला उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. सप्टेंबरात एवढी थंडी नसते पण काझाला आणि चंद्रतालला रात्री शून्याखाली जातं, नुसत्या पाण्याच्या भरवशावर गाडी उभी करायची नाही.

आता टायर. मला वाटलं होतं टायर तरी बदलायला लागतील. मामांनी गेज लावून मोजलं, पाच मिलिमीटर नक्षी शिल्लक. मग बाजूवरचा चार आकड्यांचा कोड दाखवला, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, सगळे २०२१ चे. तीन वर्षांचे कंपनीचेच ऑल टेरेन, कुठे काप नाही, फुगवटा नाही. "हेच जाऊ द्या. मड टायरनं हायवेला डिझेल पिईल आणि तिथं चिखल नाही ताई, दगड आहेत." स्टेपनी मात्र त्यांनी काढून लावून पाहिली, तिच्यात १९ पीएसआय हवा होती. तुम्हीसुद्धा आज बघा तुमच्या स्टेपनीत किती आहे.

हवेबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कुठे ऐकलं नव्हतं. वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो त्यामुळे टायरमध्ये तेवढीच हवा असून गेज जास्त दाखवतो, कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथे हा फरक पाच-सहा पीएसआयचा होतो. आणि थंडीने उलटं होतं, दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय कमी. म्हणजे नाशिकला ३२ भरून निघालं आणि विसरून गेलं असं चालत नाही, रोज सकाळी टायर गार असताना मोजायचं. मी वहीत लिहून ठेवत होते. काझाला सकाळी ३४ आणि दुपारी उन्हात ३८ दिसले. लोसरहून निघताना सगळ्यांनी २४ वर आणले, दगडावर टायर जरा पसरून बसतो, आपटत नाही, कापही कमी जातात आणि कंबरेलाही बरं पडतं. ग्राम्फूला डांबर लागल्यावर पुन्हा भरले.

आता काय केलं नाही त्याबद्दल, कारण माझ्या मते मामांचं खरं मोल तिथे आहे. लिफ्ट किटला सरळ नाही म्हणाले. उंची वाढवली की शाफ्टचे आणि पुढच्या सीव्हीचे कोन बदलतात, पंधरा दिवसांवर ट्रिप असताना नवीन गोष्ट लावून तिची चाचणी स्पितीत करायची नसते, आणि गाडीत असा बदल केला तर इन्शुरन्सवाल्यांना सांगायला लागतं. थारचा मूळचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे आणि आमच्यातली जिप्सी तर वीस वर्षं तशीच फिरतेय. लोखंडी बंपरलाही नाही, कारण एअरबॅगचा सेन्सर मूळच्या बंपरच्या हिशेबाने लावलेला असतो आणि असल्या क्रॅश गार्डवर २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राची बंदीच आहे. डिझेलचे कॅन लावायला स्टँड घ्यायचा होता मला, तोही नाही. थारची टाकी ५७ लिटरची, रिकाँग पिओच्या खाली पंप आहे, काझाला पंप आहे, काझाहून मनाली दोनशे किलोमीटरच्या आसपास. "टाकी फुल्ल करा आणि निघा, कॅन कशाला?" जिप्सीला मात्र एक वीस लिटरचा लोखंडी कॅन घ्यायला लावला कारण तिची टाकी ४० ची आणि पेट्रोल पिते. गाडीगाडीचा वेगळा विचार करतात ते हे असं.

निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी पाचही गाड्या सामान भरून बोलावल्या. सामान भरून, हे महत्त्वाचं. शेडमध्ये न घेता सरळ जवळच्या वजनकाट्यावर नेल्या, जिथे ट्रक वजन करतात तिथे. माझी थार माणसं धरून मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा ९० किलो जास्त भरली. मी म्हणत होते एवढं काय आहे गाडीत. टपावरच्या कॅरिअरवर दोन तंबू, शेगडी, पाण्याचे जार, फोल्डिंगच्या खुर्च्या, आणि हे सगळं वर, म्हणजे आडव्या उतारावर गाडी कलायला मदतच. तिथेच रस्त्याच्या कडेला सगळं खाली काढलं, स्वयंपाकाचं सामान आणि पाणी व्ही-क्रॉसच्या हौद्यात गेलं, खुर्च्या अर्ध्या घरी गेल्या, टपावर फक्त तंबू आणि झोपायच्या बॅगा. सहा जणांचा त्यावरून वाद झाला, कोणाच्या गाडीत काय जाणार यावर, पण तो वाद अंबडला झाला ते बरं झालं, काझाला झाला असता तर ट्रिपचं वाटोळं झालं असतं.

ग्रुपच्या सामानाचंही तसंच. प्रत्येकाने सगळं घ्यायचं नाही. पाच गाड्यांत मिळून दोन कंप्रेसर, ते पहिल्या आणि शेवटच्या गाडीत. एक ताणणारा कायनेटिक दोर, दोर गाडीला अडकवायच्या चार लोखंडी कड्या, म्हणजे बो शॅकल, पावणेपाच टनाच्या, त्यावर आकडा कोरलेला असतो, नसेल तर घेऊ नका. दोन फावडी. दोन थार होत्या म्हणून फॅनबेल्ट, फिल्टर एकच सेट. दोर कसा लावायचा ते करून दाखवलं, बॉल हिचला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) कधीच नाही कारण तो तुटला तर गोळीसारखा येतो, दोरावर जाड सतरंजी टाकायची आणि बाकी सगळ्यांनी दोराच्या दीडपट लांब उभं राहायचं, पोरांना तर गाडीतच बसवायचं. आम्हाला तो दोर एकदाच लागला, छतरूच्या अलीकडे एका नाल्यात जिप्सीचं पुढचं चाक दोन दगडांत बसलं तेव्हा, आणि दोन मिनिटांत निघाली. सकाळी सातला होतो तिथे म्हणून पाणी कमी होतं, दुपारी ऊन लागून बर्फ वितळलं की तेच नाले चढतात.

मग जॅक. मला वाटायचं मला चाक बदलता येतं. मामांनी शेडच्या मागे मोकळ्या भुसभुशीत जागेत गाडी लावून, फक्त गाडीतला जॅक आणि पाना देऊन, चाक बदला म्हणून सांगितलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. जॅक वर जायच्या ऐवजी जमिनीत जायला लागला. गाडी एक इंच उचलली जाईना. मग आतून एक बाभळीची फळी आणून दिली, फूटभर लांबरुंद, दोन इंच जाड, चारही कोपरे रंधा मारून गोल केलेले, आणि ही गाडीतच राहू द्या म्हणाले. तिचे पैसे लावले नाहीत. बातल आणि छतरूच्या मध्ये छोटा दऱ्याजवळ स्कॉर्पिओच्या मागच्या टायरची बाजू दगडाने चिरली, तिथे पट्टी लावून उपयोग नसतो, स्टेपनीच टाकायची, आणि खाली सगळी ओली वाळू आणि गोटे. फळी काढली, जॅक तिच्यावर ठेवला, पंचवीस मिनिटांत निघालो. चाक मी बदललं. फळीवर जॅकच्या बुडाचा गोल वळ उठलाय, तो अजून आहे.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. पहिली म्हणजे वेळ. चार दिवसांत देतो म्हणाले आणि सात दिवस लागले, बॉल जॉइंट हवे ते मिळेनात म्हणून दोन दिवस आणि मधेच दुसऱ्या गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर आला म्हणून एक दिवस. फोन करून कळवत नाहीत, आपणच करायचा. अंदाजपत्रक लिहून देत नाहीत, तोंडी सांगतात, शेवटी बिल तोंडी सांगितलं त्यापेक्षा दीड हजारानं जास्त झालं.

दुसरी मोठी आहे. कंप्रेसरसाठी बॅटरीवरून जाड वायर ओढून पुढे सॉकेट बसवून दिला होता, लायटरच्या सॉकेटवर एवढा मोठा कंप्रेसर लावला तर फ्यूज उडतो म्हणून. कल्पना बरोबर होती पण वायर एका ठिकाणी एक्झॉस्टच्या फार जवळून नेली होती. नाकोला पोचल्यावर हवा भरायला गेले तर काहीच नाही, बॉनेट उघडलं तर वायरचं आवरण वितळून आतली तार पत्र्याला टेकली होती आणि फ्यूज उडालेला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावला होता म्हणून पुढचं काही घडलं नाही, तो नसता तर बॉनेटखाली आग लागू शकली असती. हे मी हलकं घेऊ शकत नाही. ग्रुपमध्ये दुसरा कंप्रेसर होता त्यावर काम चाललं. परत आल्यावर मामांना वितळलेली वायर नेऊन दाखवली, त्यांनी हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "ही माझी चूक, पोरानं ओढली पण बघायचं काम माझं होतं." तिथल्या तिथे सगळी काढून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) दुसऱ्या बाजूने नळीत घालून नवीन ओढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि मग आमच्या दुसऱ्या थारलाही बोलावून तिचीही वायर तपासली. तुम्ही तिथे वायरिंगचं काही करून घेतलंत तर गाडी ताब्यात घेताना वायर कुठून कुठे गेली ते स्वतः टॉर्चने बघा.

खर्च माझा असा झाला: मजुरी ७,२००, बॉल जॉइंट, ऑइलं, ब्रेक ऑइल, कूलंट, वायर आणि बाकी बारीकसारीक मिळून १३,४००, म्हणजे २०,६००. कंप्रेसर मी वेगळा घेतला ६,८०० चा, दोर आणि शॅकल आम्ही सगळ्यांनी वाटून. पैसे रोख किंवा यूपीआय, कार्ड चालत नाही. पार्टचं पक्कं बिल मागितलं तर देतात, मागावं लागतं.

परत आल्यावर आठवड्यात गाडी पुन्हा दाखवायला या असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्याचे पैसे वेगळे घेत नाहीत. मी दिवाळीपर्यंत टाळलं, मग गेले. खालून धुऊन घेतली, पिवळ्या रेघा सगळ्या बघितल्या, दोन सरकल्या होत्या. एअर फिल्टर काढून आपटला तर स्पितीची पांढरी धूळ ओंजळभर निघाली. मग मागच्या डिफचा प्लग उघडला आणि या वेळी मला म्हणाले, "घाला बोट." मधासारखं होतं.

जायचं असेल तर ट्रिपच्या किमान महिनाभर आधी जा, सकाळी नऊच्या आत, आणि जुने कपडे घालून जा कारण खाली झोपायला लागतं.